चादरीएवढी हिरवळ

ओवीनं शाळेचं दप्तर उलटं केलं आणि दोन्ही हातांनी खडाखडा झाडलं. डबा, पाण्याची बाटली, रंगीत खडू, एक मोजा, कधीचा तरी चुरगळलेला कागद, सगळं फरशीवर घरंगळत गेलं. भिंतीला टेकवून बसवलेल्या बाहुलीला आणि कापडी हत्तीला ती म्हणाली, "बघा. बघून घ्या समद्यांनी. म्या काय घ्येतलं न्हाई." मग खाली बसून एकेक वस्तू उचलून, फुंकर घालून, ती परत दप्तरात भरायला लागली. माया कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले. चार वर्षांच्या पोरीच्या तोंडात तो आवाज असा नेमका बसला होता, की मायाला आधी वाटलं, आपली आई बोलली. आटपाडीच्या बाजूला, माळावरच्या घरात बसलेली आई इथं साताऱ्यात, शाहूपुरीत, तिसऱ्या मजल्यावर, कशी काय बोलली? मग लक्षात आलं. हे त्या बागेतल्या बनाबाईचं बोलणं. शनिवारचं.

"ओवी, हा कुठला गं खेळ?"

"पिशवीचा."

"आणि बाहुली काय करते यात?"

"ती नुसती बघते," ओवी म्हणाली, आणि मोज्याची घडी घालायला लागली.

मायानं हात धुतले. साबण लावून धुतले, तरी बोटं नाकाशी नेली की तो वास यायचाच. लिंबाचा नाही, गुलाबाचाही नाही, दोन्हींच्या मधला, कुणाच्या तरी जुन्या कपाटातून यावा तसा. तीन दिवस झाले होते. वास बोटांना असणं शक्य नव्हतं; तो बाल्कनीतून येत होता, वॉशिंग मशीनच्या मागं, जिथं नवऱ्याची, निमिषची नजर जात नाही आणि कपडे वाळत घालायला येणारी ओवीही वाकल्याशिवाय पाहू शकत नाही, तिथल्या स्टीलच्या पेल्यातून. पेल्यात बोटभर पाणी आणि त्यात वीतभर फांदी. या बाल्कनीत आजवर मायानं जे जे लावलं ते मेलं. तुळस तीनदा मेली. मोगरा, गुलाब, इतकंच काय, कोरफडसुद्धा सडली. आणि ही फांदी मात्र तीन दिवसांत मान वर करून बसली होती, शेंड्याला नखाएवढं नवं पान फुटलं होतं. चोरून आणलेलं रोप हमखास लागतं, असं बायका हसत हसत म्हणतात. सगळ्याच बायका कुणाच्या तरी कुंडीतलं काहीतरी खुडून पर्समध्ये टाकतात, त्याला कुणी चोरी म्हणत नाही. निमिषला तिनं नाव न घेता, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं विचारून पाहिलं होतं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला होता, "एका फांदीवरून? तुम्हा बायकांना उद्योग नाहीत." तिला तेवढ्यानं बरं वाटायला हवं होतं.

शनिवारी ती मुळात अश्लेषाच्या आग्रहानं गेली होती. अश्लेषा याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची, 'अंगण' नावाचा बागवाल्या बायकांचा ग्रुप चालवायची, आणि दर महिन्याला कुणाच्या तरी घरची बाग बघायला सगळ्यांना घेऊन जायची. "तुम्ही सांगलीच्या ना? मग येताना भडंग आणा, म्हणजे तुम्हाला कायमचं मेंबर करून टाकू," असं ती म्हणाली होती आणि मायानं खरंच भडंगाचा पुडा नेला होता. सांगलीची. गेली सहा वर्षं साताऱ्यात ती एवढंच सांगत आली होती. जिल्हा सांगलीच, त्यात खोटं काहीच नव्हतं. सांगलीपासून किती लांब, ते कुणी विचारत नसे. तिचे वडील, नानासो, मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाटाकडं उतरायचे, पोरंबाळं घोड्यावर, बिऱ्हाड घोड्यावर, आणि माया सातवीपर्यंत सहा गावांच्या शाळांत बसली होती, हेही कुणी विचारत नसे. तिनं बोलणंसुद्धा घासूनपुसून घेतलं होतं. 'न्हाई'चं 'नाही' करताना सुरुवातीला जीभ दाताला लागायची. आता लागत नव्हती.

गोडोलीत गोदावरीकाकूंचं घर. फाटक उघडलं आणि सातही बायका तिथंच थबकल्या. जानेवारीचं कोवळं ऊन, आणि त्यात पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं. मायाला वाटलं होतं, बाग म्हणजे मध्ये गुळगुळीत हिरवळ, कडेनं कुंड्यांची रांग, सिनेमात असते तशी. इथं विटांची पायवाट होती, तीही एकामागं एक चालावं एवढीच, आणि दोन्ही बाजूंनी सगळं अंगावर येत होतं. माणसाच्या वर गेलेले गुलाबी हॉलीहॉक, त्यांच्या पायाशी फ्लॉक्स आणि डॉग फ्लॉवर, त्यांच्यातून वाट काढत वर आलेली कोथिंबीर, तीही पांढऱ्या फुलांवर आलेली, मध्येच लाल माठ, मध्येच शेवंती, मध्येच कांद्याचे गोंडे. काही म्हणजे काही रांगेत नव्हतं. "मी काही लावत नाही गं," काकू म्हणाल्या, "ही आपापली पडतात नि उगवतात. मी फक्त कुणी कुणाला फार दाबत नाही ना, ते बघते." पंचाहत्तरीच्या बाई, साडी गुडघ्याच्या खाली खोचलेली, नखांत माती. अख्ख्या बागेत हिरवळ म्हणून होती ती एकाच ठिकाणी, चादरीएवढी. "आमचे हे संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसायचे. म्हणायचे, गोदू, एवढी तरी जागा मोकळी ठेव, नाहीतर माझ्या उशाशी पण झेंडू लावशील. ते गेले, पण जागा ठेवलीय." बायका हसल्या. मायाही हसली. असं बेशिस्त, दाट, एकमेकांच्या अंगावर रेललेलं तिनं आजवर एकाच ठिकाणी पाहिलं होतं. मेंढरं रात्री वाघरात, जाळ्याच्या कुंपणात, बसतात तसं. हे ती कुणाला सांगणार होती? ओवी तिचं बोट धरून चालत होती आणि दर पावलाला विचारत होती, "याचं नाव काय? याचं?" आणि मायाला निम्म्यांची नावं येत नव्हती.

मग ती कुंडी. जिन्याखालच्या सावलीत, फुटक्या कडेची, त्यात काहीच बघण्यासारखं नाही, एक काळपट खोड आणि त्यातून निघालेल्या दोन कोवळ्या फांद्या. काकूंनी एक पान हलकेच चोळलं आणि प्रत्येकीच्या नाकाशी बोट नेलं. "जिरेनियम. ह्यांनी पाचगणीहून आणलं होतं, आमची निमा पोटात होती तेव्हा. एका शाळेच्या बंगल्यातल्या माळ्याकडून, चहा पाजून. बेचाळीस वर्षं झाली. यंदाच्या पावसानं सगळं कुजलं, एवढ्या दोन उरल्या. बाकी बागेतलं काय हवं ते मागा, मी ओल्या कागदात बांधून देणारच आहे सगळ्यांना. हे मात्र यंदा मागू नका." आणि सगळ्या पुढं सरकल्या, अश्लेषा फोटो काढत, बाकीच्या मधुमालतीखाली.

माया मागं राहिली. का राहिली, ते तिनं या तीन दिवसांत स्वतःला शंभर वेळा विचारलं होतं. ओवीच्या बुटाचा बंद सुटला होता म्हणून. हे खरं होतं. बंद बांधून उठताना कुंडी हाताशी होती, हेही खरं. पण बोटांनी फांदी कुठं धरायची, सांध्याच्या किंचित वर, कुठं मोडली की साल सोलणार नाही, हे बोटांना आधीपासून ठाऊक असल्यासारखं झालं. 'टच्' असा इवलासा आवाज. नंतर पर्सची चेन. या दोन आवाजांच्या मध्ये तिच्या अंगातून एक गरम लाट गेली होती. तिला नाव देताना ती आता दचकत होती, कारण ती भीती नव्हती. तो आनंद होता. कधीतरी फार पूर्वी कुणीतरी तिच्याकडून काही हिसकावून नेलं होतं आणि आज त्यातलं बोटभर परत आलं, असला काहीतरी.

"आई, काय घेतलंस?" ओवीनं विचारलं होतं.

"काही नाही गं."

चहाच्या वेळी ते उघड झालं. काकू कागदात रोपं बांधत होत्या, कात्री आणायला जिन्याकडं गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "अगं बाई! इथली एक कुठं गेली?" आवाजात राग नव्हता. माणूस पायरी चुकल्यावर बोलतं तसा आवाज होता. बायका उठल्या, कुंडीभोवती जमल्या, मांजराचं नाव निघालं, खारीचं निघालं. मग अश्लेषा हसत, बशीतली चकली मोडत म्हणाली, "काकू, मांजराचं राहू द्या. तुमच्या बनाबाईंची पिशवी बघा एकदा. माझ्याकडं पण येतात ना त्या बुधवारी. माझी पिवळी शेवंती अशीच आपोआप गायब झाली होती." कुणीतरी खुदकन हसलं. हॉलीहॉकच्या मागून एक बाई उठली. तोवर मायानं तिला पाहिलंच नव्हतं. ती वाकून तण काढत होती आणि तिचं लुगडं मातीच्याच रंगाचं होतं. तिनं खुरपं खाली ठेवलं, हात झटकले, भिंतीच्या खिळ्याला अडकवलेली कापडी पिशवी काढली आणि त्या चादरीएवढ्या हिरवळीवर आणून उलटी केली. "बघा. बघून घ्या समद्यांनी. म्या काय घ्येतलं न्हाई." ॲल्युमिनियमचा डबा, मिश्रीची डबी, गोळ्यांची अर्धी पट्टी, एसटीचा पास, दोऱ्यात ओवलेली किल्ली, आणि पुडीतून सांडलेली झेंडूची वाळकी फुलं. "हे काय मग?" अश्लेषा म्हणाली. "ती मीच दिलीत गं तिला बियांना," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "बनाबाई, अहो, कुणी काही म्हणालं का? भरा बघू ते." पण म्हणताना काकूंची नजरही एकदा, अगदी एकदाच, त्या वस्तूंवरून फिरली होती. मायानं ते पाहिलं. बनाबाईनंही पाहिलं असणार. आणि तेवढ्यात ओवी पिशवीकडं बघत होती ती वळून मायाच्या पर्सकडं बघायला लागली, "आई," म्हणून तोंड उघडलं, आणि मायानं त्या उघड्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

बिस्कीट कोंबलं. हेच तिला पुन्हा पुन्हा दिसत होतं, फांदी मोडलेली नव्हे. पोरीचे फुगलेले गाल, ओठांवरचा चुरा, आणि वर बघणारे डोळे, ज्यांत तक्रार नव्हती, नुसतं शिकणं होतं.

कुंडलच्या शिवारात माया सात वर्षांची होती. द्राक्षबागेच्या पलीकडं एका मोकळ्या रानात नानासोंनी आठ रात्री मेंढरं बसवायची ठरवली होती. रानाला खत, बिऱ्हाडाला जोंधळं. चौथ्या दिवशी शेतमालकाच्या घरचं पितळी फुलपात्र विहिरीवरून हरवलं. मालकीणबाई बांधावर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. "पोरीबाळी पाण्याला येत्यात तुमच्या, म्हणून इचारते," एवढंच म्हणाली. तेव्हा मायाच्या आईनं सगळं बिऱ्हाड जमिनीवर ओतलं होतं. वाकळा झटकल्या, गाडगी पालथी घातली, आणि शेवटी पिठाचं गठुडं. आठवड्याचं बाजरीचं पीठ, ते तिनं मातीत ओतलं आणि हातानं पसरून दाखवलं, की बघा, यात काय दडवलंय का. "बघा, बघून घ्या." माया घोड्याच्या सावलीत उभी होती आणि तिनं परकराच्या ओच्यात हात घालून चाचपलं होतं. तिनं घेतलं नव्हतं. तरी चाचपलं, की असलं तर? त्या संध्याकाळी आईनं वरवरचं पीठ सुपात गोळा केलं, भाकरी थापल्या, आणि प्रत्येक घासाला दातांखाली माती कचकचली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी फुलपात्र गोठ्यात, गव्हाणीत सापडलं. मालकीणबाईनं कासंडीभर ताक पाठवलं. आईनं ते पोरांना वाटून दिलं. ताक आंबट होतं आणि मायानं दोनदा मागून घेतलं होतं. बावीस वर्षं तिला वाटत आलं होतं, की त्या गोष्टीत आपण घोड्याच्या सावलीतली पोर आहोत. शनिवारी समजलं, की बांधावरही आपल्याला उभं राहता येतं. तिथं उभं राहायला काही लागत नाही, फक्त बोलायचं नाही.

सोमवारी ग्रुपवर अश्लेषाचा निरोप आला होता. 'बागकामासाठी कुणाकडे भरवशाची बाई आहे का? माझ्याकडची बंद केली.' त्याखाली कुणीतरी एक नंबर दिला होता, कुणी लिहिलं होतं, 'बरं केलंत, वेळीच कळलं.' आणि त्यावर सहा अंगठे. सातवा मायाचा. सगळ्यांचा दिसत होता, आपला नसला तर दिसेल, म्हणून तिनं दिला होता.

"ओवी, चप्पल घाल," ती म्हणाली. कणीक परातीत तशीच राहिली. तिनं वॉशिंग मशीनमागून पेला काढला. रिक्षात तो दोन्ही हातांत धरून बसली, आणि खड्ड्याखड्ड्याला पाणी मांडीवर हिंदकळत राहिलं. ओवीनं एकदा पेल्यात वाकून पाहिलं, म्हणाली, "हिला पाय फुटलेत." खरंच, देठाच्या टोकाला दोन पांढरे धागे आले होते. पोरीनं विचारलं नाही ही कुठून आली. त्या न विचारण्यानं मायाचे कान तापले.

दुपारचे तीन वाजले होते. फाटक लोटलेलं होतं, दार बंद. काकू झोपल्या असणार. बाग शनिवारइतकीच रंगलेली, तिला काही कळलेलं नव्हतं. बनाबाई माठाच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. तिनं मान वर केली, मायाकडं पाहिलं, पेल्याकडं पाहिलं, आणि पुन्हा खुरप्याकडं.

"मावशी," माया म्हणाली, "ही ती..."

"म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"मी हितंच हुते की. त्या उंच फुलांच्या मागं. तुमी वाकला, मोडली, पिशवीत घातली. समदं बघितलं."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही पिशवी ओतलीत सगळ्यांसमोर. एका शब्दानं..."

बनाबाईनं तणाचा झुपका उपटून बाजूला टाकला. "आवं, लेकरू हुतं तुमच्या हाताला. लेकराम्होरं आईला काय बोलायचं?"

ती ते दया दाखवावी तसं म्हणाली नाही. वाट सांगावी तसं म्हणाली. मायाला वाटलं, ओरडावं या बाईनं, शिव्या द्याव्यात, खुरपं फेकावं. कुंडलच्या बाईनं ताक पाठवलं होतं. ही काहीच पाठवत नव्हती, ही नुसती माठ निवडत होती.

"अश्लेषानं तुमचं काम बंद केलं," माया म्हणाली.

"व्हय. बुधवार मोकळा झाला." बनाबाई उठली, गुडघ्यावर हात देत, आणि हात पुढं केला. "द्या ती हिकडं. बाई उठायच्या आत लावून टाकते कुंडीत. मुळं फुटल्यात, लागंल. त्यांना वाटंल, खालनंच नवी फुटली. कुणाला काय कळायचं न्हाई."

हात मातीनं भरलेला, नखं तुटलेली, तळवा उघडा. इतकं सोपं होतं. पेला द्यायचा, पाण्यानं भिजलेला ड्रेस झटकायचा, कोपऱ्यावर ओवीला आइस्क्रीम घ्यायचं. मायाचा हात पुढं झालाही. पेला दोघींच्या मध्ये होता. तेव्हा तिनं खाली पाहिलं. ओवी त्या चादरीएवढ्या हिरवळीच्या कडेला उभी होती, गवतावर पाय न ठेवता, आणि दोघींकडं बघत होती. बाहुलीसारखी. नुसती.

मायानं पेला मागं घेतला.

"ओवी, इकडं ये. ही फांदी मी तोडली होती. मी. न विचारता. या आजींनी काही घेतलं नव्हतं."

"मला माहितीये," ओवी म्हणाली. "मी सांगणार होते. तू बिस्कीट दिलंस."

बनाबाई तोंडावर पदर धरून हसली की काय केलं, ते मायाला कळलं नाही. कारण ती पायऱ्या चढत होती. मागून आवाज आला, "आवं ताई, कशाला उठवताय त्यास्नी? मला इचारतील, तुला ठावं हुतं तर का गप ऱ्हायलीस? माझंच परत व्हायचं काय तरी." माया थांबली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं; आपलं खरं बोलणंही त्या बाईलाच भोवू शकतं. पायरीवर उभी राहून तिनं डोक्यात वाक्य जुळवायला घेतलं, काकूंना काय सांगायचं, आधी काय, मग काय, बनाबाईचं बघणं त्यातून कसं वगळायचं, अश्लेषाला काय लिहायचं, त्या सात अंगठ्यांच्या खाली. नीट, शुद्ध, साताऱ्यातलं वाक्य. ते जुळेना.

"मी तुमचं नाव घेणार नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगते, की मी घेतली. आणि आज ग्रुपवर सगळ्यांना पण."

बेल उंचावर होती. तिनं एका हातात पेला धरून दुसऱ्या हातानं ओवीला कडेवर उचललं. "दाब." ओवीनं बोट ठेवलं आणि काढलंच नाही. घरभर बेल कर्कशत गेली. आतून सपाता घासत येण्याचा आवाज, "अगं हो हो, आले," कडी, आणि दार. काकूंचे केस सुटलेले, चष्मा नाही. त्या आधी ओवीकडं बघून हसल्या, मग त्यांची नजर खाली पेल्यावर आली आणि हसू अर्ध्यात राहिलं. वास त्यांच्यापर्यंत पोचला असावा.

मायानं तोंड उघडलं. जुळवलेल्या वाक्यातला एकही शब्द आला नाही. जे आलं ते सहा वर्षांत या गावात तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, निमिषनंसुद्धा क्वचितच.

"काकू, म्या घ्येतली ही. बनाबाईनं न्हाई. म्या."

मागं वाफ्यात खुरपं थांबलं. बेल अजून वाजतच होती. ओवीचं बोट बटणावर होतं आणि मायानं ते काढलं नाही.